तिसरं मिनिट

2 जून 2025, सोमवार

यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसला. पहाटे पाचला पर्वतीच्या पायथ्याशी पोहोचलो तर पायऱ्या बुळबुळीत झालेल्या, म्हणून पळणं रस्त्यावर घेतलं. अकरा जण आले, सहा मुलगे आणि पाच मुली. आठ किलोमीटर. सगळे एकाच वेगात, मी सायकलवर मागे.

आमच्या सरांनी आम्हाला असंच पळवलं होतं. गळ्यात टॉवेल, पायात जाड बूट. अंधारात निघायचं, उजाडता उजाडता परत यायचं. फळ्यावर नुसता ‘रोड’ असा शब्द लिहिलेला असे. किती, कसं, कशासाठी, हे विचारायची आमची छाती नव्हती. पुढे मीही तीस वर्षं तेच देत आलो. आज सायकल मारता मारता पहिल्यांदा हिशेब मांडला. ही रीत व्यावसायिक मुष्टियुद्धातून आलेली. तिथे विजेतेपदाची लढत 15 राउंडांची असे, म्हणजे 45 मिनिटांची. नोव्हेंबर 1982 मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीसमोर चौदाव्या राउंडमध्ये कोसळलेला कोरियाचा किम दुक-कू काही दिवसांतच गेला, आणि त्यानंतर त्या लढती 12 राउंडांवर आणल्या गेल्या. माझ्या पोरांची बाउट तीन राउंडांची. तीन-तीन मिनिटं, मध्ये दोनदा एकेक मिनिट विश्रांती. 45 मिनिटांचं औषध मी 9 मिनिटांच्या दुखण्यावर देतोय.

10 जून, मंगळवार

संध्याकाळी स्पारिंगला घड्याळ आणि वही घेऊन बसलो. 51 किलोवालीचे ठोसे मोजले. जनता वसाहतीतली पोरगी, वय 19. डावा हात इतका सरळ आणि जलद की बघत राहावं. दुसऱ्या राउंडमध्ये पहिल्या मिनिटात 24 ठोसे, दुसऱ्या मिनिटात 19, तिसऱ्यात 6. तिसऱ्या मिनिटात गार्ड छातीवर उतरला, तोंड उघडं पडलं, पाय जमिनीला चिकटले. समोरची तिच्याहून कच्ची होती, पण ती मारत राहिली.

मुलींसाठी हे तिसरं मिनिट तसं नवीनच आहे. मेरी कोमने 2012 मध्ये लंडनला ब्राँझ मिळवलं तेव्हा बायकांच्या बाउटमध्ये दोन-दोन मिनिटांचे चार राउंड असत. 2017 पासून पुरुषांसारखेच तीन-तीन मिनिटांचे तीन झाले. कागदावर आठाची नऊ मिनिटं झाली, एवढंच. पण दोन मिनिटं जीव ओतून मारलं की पूर्वी घंटा व्हायची. आता दोन मिनिटं झाल्यावर, हात भरून आलेले असताना, आणखी एक मिनिट उरलेलं असतं.

तिला म्हणालो, “दम कमी पडतोय तुझा. रोड वाढव.” ती “हो सर” म्हणाली.

21 जून, शनिवार

पालख्या काल पुण्यात आल्या. आज मुक्काम, रस्ते बंद, पळणं नाही.

काल संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावर उभा होतो. एक म्हातारी समोरून गेली. डोक्यावर तुळस, पायात साध्या चपला, आदल्या दिवसापासून आळंदीहून चालत आलेली. तोंडाने अभंग चालू होता, आणि मी कान देऊन ऐकत होतो ते तिचा श्वास. चरण संपेपर्यंत कुठेही तुटत नव्हता. चरण संपला की एक श्वास, पुन्हा पुढचा चरण. उद्या ही माणसं दिवे घाट चढून सासवडला जातील, आणि घाटातही त्यांचं गाणं थांबत नाही.

रात्री झोप लागली नाही म्हणून उठून हे लिहितोय. आमची आठ किलोमीटर ज्या वेगाने होतात त्या वेगात पोरांना गाता येत नाही. धड बोलताही येत नाही. आणि बाउटमध्ये जी धाप लागते त्याच्या जवळपासही तो वेग जात नाही. म्हणजे ना इकडचं ना तिकडचं. रोज थकवा मात्र पुरेपूर.

रोड चुकीचा नव्हता, हेही आज मनाशी कबूल केलं. जोरदार ठोसा स्नायूतल्या तयार साठ्यावर निघतो. तो साठा दहाएक सेकंदांचाच. सलग आठ-दहा ठोसे मारून बॉक्सर मागे सरकतो तेव्हा तो रिकामा झालेला असतो, आणि पुन्हा भरायला ऑक्सिजनच लागतो. हृदयाने एका ठोक्यात जास्त रक्त फेकलं, स्नायूत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढलं, तरच तो लवकर भरतो. आणि हे घडतं ते सावकाश, लांब, नेमाने पळण्यातून. त्या म्हातारीच्या वेगाने, म्हटलं तर चालेल.

28 जून, शनिवार

तळजाईच्या मातीच्या वाटेवर 50 मिनिटं. नियम एकच, पळताना गाता आलं पाहिजे. गाणं तुटलं की वेग कमी. पोरं लाजली. मग 75 किलोवाल्याने हरिपाठ सुरू केला आणि बाकीच्यांनी उचलला. टेकडीवर फिरायला आलेली मंडळी थांबून बघत होती. दोघा मुलांना तर इतकं हळू पळणं अपमानाचं वाटलं. त्यांना म्हटलं, कळ काढा, गुरुवारी तुमचा अपमान भरून काढतो.

51 किलोवाली गात नव्हती. ओठ हलत होते फक्त.

निघताना तिच्या किटच्या पिशवीतून पाटीवरच्या पेन्सिलींचा डबा खाली पडला. धाकट्या भावाला नेत असेल, म्हणून उचलून दिला.

3 जुलै, गुरुवार

सणस मैदानाच्या ट्रॅकवर. तीन मिनिटं जोरात, एक मिनिट चालायचं, असं चार वेळा. बाउटच्याच मापाचं. जोरात म्हणजे शेवटच्या तीस सेकंदांत मानेच्या शिरा दिसल्या पाहिजेत, पण पाऊल विस्कटता कामा नये.

यात पळण्यापेक्षा थांबणं महत्त्वाचं, हे मला फार उशिरा कळलं. जर्मनीत फ्रायबुर्गला वाल्डेमार गेर्शलर नावाचे प्रशिक्षक होते. हृदयाचा अभ्यास करणारे हर्बर्ट राइंडेल हे डॉक्टर त्यांच्याबरोबर काम करत. गेर्शलर धावपटूच्या नाडीवर बोट ठेवून त्याला पळवत. नाडी 180 च्या आसपास गेली की थांबवायचं, 120 वर आली की पुन्हा सोडायचं. त्यांच्या मते हृदय तयार होतं ते या उतरत्या काळात. दीड मिनिटात नाडी 120 वर आली नाही तर आधीची धाव जादा झाली असं समजायचं, आणि काम कमी करायचं. त्यांचा शिष्य रुडोल्फ हार्बिग 1939 मध्ये 800 मीटर 1 मिनिट 46.6 सेकंदांत धावला. तो विक्रम 16 वर्षं टिकला.

बॉक्सिंगमध्ये तर हे मिनिट नियमानेच दिलेलं आहे. स्टुलावर बसायचं, पाण्याची चूळ भरायची आणि नाडी खाली आणायची. ते शिकवल्याशिवाय येत नाही.

गळ्यावर दोन बोटं, दहा सेकंद मोजायचं, सहाने गुणायचं. 75 किलोवाला: धाव संपताच 186, एका मिनिटाने 138. बाकीचे थोडेफार तसेच. 51 किलोवाली: 192, एका मिनिटाने 174. तीन मिनिटांनीसुद्धा 150. चौथी धाव तिने निम्म्यावर सोडली.

15 जुलै, मंगळवार

पाऊस उघडला. पर्वतीच्या 103 पायऱ्या. पळत वर, चालत खाली. चढावर पाऊल जोरात पडत नाही म्हणून नडगीला धक्का कमी बसतो, आणि ठोशाचा जोर जिथून निघतो त्या मांड्या आणि पुठ्ठे चढावर जेवढे राबतात तेवढे सपाटीवर राबत नाहीत. मॅनी पॅकियाओ लॉस एंजेलिसला ग्रिफिथ पार्कच्या टेकड्यांवर पळायचा, ते उगाच नव्हे. खाली येताना मात्र कोणी पळालं की मी ओरडतो. गुडघे उतारावर जातात.

एका मुलाने मोबाइलवर पाहिलेलं विचारलं. सर, 20 सेकंद पळायचं, 10 सेकंद थांबायचं, असं चार मिनिटं केलं की लांब पळायची गरजच नाही ना? त्याला सांगितलं की ते जपानच्या इझुमी ताबाता यांचं काम आहे, 1996 चं. त्यातली माणसं जमिनीवर पळत नव्हती, जागच्या जागी पेडल मारायच्या सायकलवर होती, आणि सातव्या-आठव्या फेरीनंतर पाय फिरेनासा होईल इतका भार त्यांना लावलेला होता. सहा आठवड्यांत दोन्ही प्रकारचा दम वाढला, हे खरं. पण ते चार मिनिटं झाल्यावर उलटी आली नाही तर तू ते केलंच नाहीस. त्याने दोरीवर करून बघतो म्हटलं. बघू दे. दोरीवर चांगलं होतं ते, मीही देतो कधी कधी, बाउटच्या आधीच्या तीन आठवड्यांत.

24 जुलै, गुरुवार

51 किलोवाली मागे मागेच पडत चालली आहे. महिनाभर सगळ्यांचे आकडे सुधारले, तिचे बिघडले. आज ट्रॅकवर दुसऱ्याच धावेला थांबली. मी सगळ्यांसमोर बोललो. म्हणालो, हात देवाने दिलेत पण दम मेहनतीने मिळतो, तुझं मन नाही यात. रविवारची सुट्टी बंद केली आणि दर रविवारी सहा किलोमीटर जास्तीचे लावले.

8 ऑगस्ट, शुक्रवार

पर्वतीवर ती निम्म्या पायऱ्यांवर बसली. मला वाटलं पाय मुरगळला. पाय ठीक होता. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. आमच्या मोठ्या मुलींपैकी एक नर्सिंग शिकते. तिने हिची खालची पापणी ओढून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. आतला रंग पांढरट. नखंही तशीच.

घरी सोडायला गेलो. आई पोळ्या लाटायला चार घरी जाते, नुकतीच परतली होती. आधी बोलेना. मग म्हणाली, “सर, दर महिन्याला तिला सहा-सहा दिवस फार जातं. तुम्हाला कसं सांगायचं? आणि पहाटे चहा-बिस्किटावर निघते ती, दुसरं काही खातच नाही.” थांबून म्हणाली, “पाटीवरच्या पेन्सिली खाते लपून. मी मारलंसुद्धा तिला त्यावरून.”

तो डबा मी माझ्या हाताने उचलून दिला होता.

11 ऑगस्ट, सोमवार

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन 9.1. दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पाळीच्या त्रासासाठी वेगळी तपासणी लिहून दिली. शांतपणे म्हणाल्या की माती, खडू, पेन्सिल खाणं ही लोह कमी असल्याची जुनी खूण आहे. आणि जोराचं पळणं तूर्त पूर्ण बंद.

रक्तातला ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. तेच कमी, तर हृदयाने कितीही धडका मारल्या तरी स्नायूपर्यंत पोहोचणार काय? म्हणून नाडी 192, म्हणून ती खाली उतरत नाही, म्हणून तिसऱ्या मिनिटात हात गळतात. 3 जुलैचं पान काढून पुन्हा वाचलं. नाडी उतरत नसेल तर काम कमी करायचं, हे मीच माझ्या अक्षरात लिहिलंय. आणि तीन आठवड्यांनी मीच तिचा रविवार काढून घेतला.

देशाच्या आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला आहे. निम्म्याहून जास्त. माझ्याकडे पाच मुली आहेत. आजवर किती येऊन गेल्या आणि त्यातल्या किती जणींना ‘दम नाही’ म्हणून मी मागच्या रांगेत उभं केलं, ते आठवत बसलो.

उद्या तिच्या घरी जाऊन त्या दिवशीचं बोलणं मागे घेणार. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोरही.

16 ऑगस्ट, शनिवार

पाचही मुलींचे रक्त तपासून झाले. आणखी दोघी 11 च्या खाली. मुलग्यांचंही करून घेतलं, ते ठीक आहेत.

खुराकावर बोललो. गोळी रोज, दुधाबरोबर नाही. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नाही, तो लोह अंगी लागू देत नाही. डाळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळायचं. पहाटे येताना हळिवाचा लाडू किंवा गूळ-शेंगदाणे खाऊन यायचं. मासे-मटण ज्यांच्या घरी चालतं त्यांनी सोडायचं नाही. पाळीबद्दल माझ्याशी बोलायला अवघड वाटलं तर नर्सिंगवालीशी बोला, पण बोला. मुली खाली बघत होत्या. मीही अवघडलो होतो. तरी बोललो.

30 ऑगस्ट, शनिवार

गणपती. रात्री ढोलाच्या सरावाला जाणारी दोन पोरं पहाटे डोळे चोळत येतात. त्यांना चालायलाच लावलं. झोप नसताना ट्रॅक दिला तर दुखापत ठरलेली.

51 किलोवाली डॉक्टरांच्या परवानगीने 20 मिनिटं चालते आणि आरशापुढे शॅडो करते, हळू. ठोसा सोडताना श्वास सोडायचा, नाकातून, ‘श्श’. पूर्वी ती श्वास कोंडून चार-चार ठोसे मारायची. दमाच्या नादात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

15 सप्टेंबर, सोमवार

लिव्हरपूलला जागतिक स्पर्धेत 57 किलोत जास्मिन लांबोरिया आणि 48 किलोत मीनाक्षी हुडा, दोघींना सोनं. सगळे एका मोबाइलभोवती. मीनाक्षीचे वडील रिक्षा चालवतात हे कळल्यावर आमच्या रिक्षावाल्याच्या पोराने कॉलर ताठ केली. आज दोरी जरा जास्तच जोरात फिरत होती.

23 सप्टेंबर, मंगळवार

60 किलोवाला टेकडीवर रेनकोट आणि आत दोन स्वेटर घालून पळताना सापडला. पावणेदोन किलो जास्त भरतोय, स्पर्धेआधी उतरवायचंय. रेनकोट तिथेच काढायला लावला.

घामाने उतरतं ते पाणी. चरबी एवढ्या दिवसांत जात नसते. पाणी गेलं की रक्त घट्ट होतं, हृदयाला ते ढकलायला जड जातं, आणि अंग थंड करायला घामच उरत नाही. 1997 मध्ये अमेरिकेत कॉलेजातले तीन कुस्तीगीर महिना-दीड महिन्यात असेच गेले, वजन उतरवता उतरवता. जाड कपडे, गरम खोली, तहान मारलेली. पोरगं म्हणालं, सगळेच करतात सर. म्हटलं, माझ्याकडे नाही. त्याचं नाव 65 मध्ये टाकलं. रुसलाय. रुसू दे.

4 ऑक्टोबर, शनिवार

हिमोग्लोबिन 11.3. डॉक्टर बाईंनी स्पर्धेला हो म्हटलं. गेले तीन आठवडे ती हळू पळतेय, मागच्या आठवड्यापासून तीन-एकच्या दोन धावा. मंगळवारी नाडी 186, एका मिनिटाने 144.

आज तळजाईवर शेवटचं लांब पळणं. वर चढताना मागून मुलीचा आवाज आला, गाण्याचा. वळून पाहिलं नाही. वळलो असतो तर थांबली असती.

12 ऑक्टोबर, रविवार

तिची उपांत्य फेरी. समोरची उंच, लांब हातांची, गेल्या वर्षीची विजेती.

पहिला राउंड गेला. दुसऱ्यात हिने अंतर कापलं, पोटावर मारलं. दोन मिनिटं झाली तेव्हा मी घड्याळाकडे न बघता तिच्या पायांकडे बघत होतो. टाचा वर होत्या. घंटेपर्यंत वर होत्या.

कॉर्नरमध्ये आली, बसली. मी काही बोललो नाही. माउथगार्ड काढला, चूळ दिली. नाकातून एक लांब श्वास, दुसरा, तिसरा. छातीचं वर-खाली होणं मंदावताना दिसत होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “सर, ती उजवा सोडताना डावा हात खाली आणते. मी आत जाऊन हूक मारू का?”

मध्ये कुठेही न तुटता, सगळं वाक्य.

“मार,” म्हटलं.

तिसऱ्या राउंडच्या तिसऱ्या मिनिटात 17 ठोसे. नर्सिंगवालीने वहीत मोजलेत. तीन हूक लागले. निकाल 3–2 ने विरुद्ध गेला. पहिल्या राउंडमध्ये आम्ही फार दिलं होतं, पंचांशी माझं भांडण नाही.

परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसून आईने दिलेली भाकरी खात होती. लिंबाची फोड माझ्याकडे मागितली. बराच वेळ गप्प होती. स्वारगेट आल्यावर विचारलं, “मंगळवारी पायऱ्या ना सर?”

“दोन दिवस काही नाही. झोप काढ,” म्हटलं. “गुरुवारी ट्रॅकवर ये. आणि येताना खाऊन ये.”